मॅन्युअल मोड शिकवायचा तर आधी त्रिकोण बाजूला ठेवा

प्रश्न असा आहे: घरातल्या आणि ओळखीतल्या काही जणांना मी कॅमेरा शिकवतो. अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ (म्हणजे लेन्सचं छिद्र, प्रकाश आत येण्याचा वेळ आणि सेन्सरचा संकेत किती वाढवायचा तो आकडा) यांचा त्रिकोण त्यांना तोंडपाठ आहे, कागदावर गणितंही सुटतात. पण मॅन्युअल मोडवर, म्हणजे तिन्ही आकडे हाताने ठरवायच्या मोडवर, कॅमेरा हातात दिला की ते डायल फिरवत बसतात आणि तोवर समोरचा क्षण निघून जातो. दोन-चार दिवसांत सगळे परत ऑटोवर. माझा शिकवण्याचा क्रम चुकतोय का? आणि रोजच्या फोटोंसाठी मॅन्युअल खरंच लागतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. मॅन्युअल लागतं, पण सगळीकडे नाही. जिथे प्रकाश स्थिर असतो आणि फ्रेममधल्या गोष्टी मात्र बदलत असतात, तिथे मॅन्युअलला तोड नाही. खिडकीजवळ बसून चार माणसं गप्पा मारताहेत असं समजा. पांढऱ्या शर्टातला माणूस फ्रेममध्ये आला की ऑटो फोटो काळवंडवतो, काळ्या कपड्यांतला आला की भलताच उजळवतो आणि मागे खिडकी आली की चेहरा अंधारात ढकलतो. एवढ्या वेळात त्या चेहऱ्यांवरचा प्रकाश तसूभरही बदललेला नसतो. मग सेटिंग तरी का बदलावं? नवशिक्याला पहिल्या दिवशी हे कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. त्रिकोणापासून सुरुवात केली की नेमकं हेच राहून जातं.

त्रिकोण चुकीचा नाही. पण तो तिघांमधलं नातं सांगतो, सुरुवात कुठून करायची ते सांगत नाही. एफ/८ आणि १/१२५, एफ/४ आणि १/५००, एफ/१६ आणि १/३०: आयएसओ तोच असेल तर उजेडाच्या हिशेबाने या तिन्ही जोड्या सारख्याच. पण पळणाऱ्या मुलाचा फोटो काढला तर दुसऱ्या जोडीत मूल जागच्या जागी थांबलेलं दिसेल आणि मागचं सगळं धूसर होईल, तिसरीत मागचं झाड स्पष्ट येईल आणि मुलाच्या जागी नुसता फराटा. शिकणारा विचारतो, यातलं बरोबर कुठलं? त्रिकोणाकडे याचं उत्तर नाही. मग तो अंदाजाने एक डायल फिरवतो, दुसरा फिरवतो, पुन्हा पहिल्याकडे येतो. तुम्ही जे बघताय ते हेच आहे.

म्हणून पहिल्या दिवशी डायलला हात लावू देऊ नका. त्या दिवशी फक्त प्रकाश बघायचा. आपले डोळे इतक्या सफाईने जुळवून घेतात की प्रकाशातला फरक आपल्याला जाणवतच नाही. भर उन्हातून रात्रीच्या दिव्याच्या खोलीत गेलो तर उजेड सहज नऊ-दहा स्टॉपने कमी झालेला असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे पाचशे ते हजार पटींनी. डोळ्यांना वाटतं, जरा अंधार आहे एवढंच. हा भ्रम मोडल्याशिवाय कॅमेऱ्यातले आकडे अर्थहीनच राहतात.

यासाठी कॅमेरा पी मोडवर ठेवा, म्हणजे छिद्र आणि शटर तोच सुचवेल, आयएसओ एकाच आकड्यावर पक्का करा, म्हणजे ४०० वगैरे, आणि शिकणाऱ्याला घरभर व घराबाहेर फिरवा. फोटो काढायचे नाहीत. शटरचं बटण अर्धं दाबून कॅमेरा कुठले आकडे सुचवतो ते वाचायचं. खिडकीला चिकटून उभं राहून एकदा, मग खोलीत चार पावलं आत येऊन, मग कोपऱ्यात. खिडकीपासून थोडं दूर गेलं की उजेड किती झपाट्याने पडतो हे बघून बहुतेकांना खरोखर आश्चर्य वाटतं. दुसऱ्या फेरीत आकडा वाचण्याआधी अंदाज सांगायला लावा. सुरुवातीला अंदाज फार चुकतात, पण दोन-तीन दिवसांत एका स्टॉपच्या आत यायला लागतात, आणि त्यातून शिकणाऱ्याला धीर येतो.

अंदाजाला आधार म्हणून एकच जुना नियम द्या, फिल्मच्या काळातला ‘सनी सिक्स्टीन’. स्वच्छ ऊन असेल तर अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर स्पीड म्हणजे आयएसओचा व्यस्त, आयएसओ १०० ला १/१००. तेच एफ/८ वर आणलं तर १/४००. पातळ ढगांनी सावल्या पुसट झाल्या की उजेड एक स्टॉप कमी, सावल्या जेमतेम दिसायला लागल्या की दोन, पूर्ण ढगाळ असेल तर तीन, आणि मोकळ्या सावलीत साधारण चार. घरात रात्रीच्या दिव्यांखाली आयएसओ ३२००, एफ/३.५ आणि १/६० च्या आसपास सुरुवात करायची. हे आकडे पाठ करायचे नाहीत, पण उन्हाचा तेवढा लक्षात राहिला की बाकीचे त्याच्यापासून मोजता येतात.

दुसऱ्या दिवसाचा प्रयोग माझ्या मते संपूर्ण शिकवणीतला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून तो जरा तपशिलात सांगते. खिडकीतून थेट ऊन येत नसेल अशा वेळी टेबलावर एक कोरा पांढरा कागद आणि एक काळं कापड शेजारी शेजारी ठेवा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे ए किंवा एव्ही वर (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ पक्का. आधी फक्त कागदाने फ्रेम भरून फोटो, मग फक्त कापडाने. दोन्ही फोटो पडद्यावर जवळपास सारखेच दिसतील: करडे. कागद मळका, कापड विटलेलं. आता दोन्ही फोटोंचा शटर स्पीड वाचायला लावा. कागदाला समजा १/२५० आला असेल, तर कापडाला १/१५ च्या आसपास येईल. तब्बल चार स्टॉपचा फरक, आणि टेबलावरचा प्रकाश एकच.

इथे मीटर कसा चालतो ते सांगायचं, आधी नाही. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर किती प्रकाश पडतोय हे मोजत नाही, वस्तूवरून किती परत येतोय ते मोजतो. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो आकडा देतो. नव्या कॅमेऱ्यांतली मीटरिंगची पद्धत चेहरे ओळखते, फ्रेमचे भाग पाडून हिशेब करते, त्यामुळे चूक कमी होते. पण मूळ गृहीतक तेच. आता कॅमेरा एम वर न्या. त्याच टेबलावर, त्याच प्रकाशात, आपला तळहात धरायचा, फ्रेम तळहाताने भरायची आणि मीटरची खूण मध्यावर आणायची. आपल्या उदाहरणात ती १/१२५ ला येईल. तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून शटर एक स्टॉप हळू करायचा: १/६०. आता काहीही न बदलता आधी कागदाचा फोटो काढायचा, मग कापडाचा, मग दोन्हींचा मिळून. कागद पांढरा येतो, कापड काळं येतं.

हे तीन फोटो एकापाठोपाठ पाहिले की मॅन्युअल कशासाठी असतं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत याच मुद्द्यावर उभी आहे: मीटर देतो तो आकडा मध्यम करड्यासाठीचा, समोरची वस्तू फोटोत किती उजळ हवी हे ठरवायचं फोटोग्राफरने. नवशिक्याला पूर्ण झोन पद्धत नको. पांढरं असेल तर मीटरपेक्षा दीड-दोन स्टॉप वर, काळं असेल तर तेवढंच खाली, तळहात असेल तर एक वर, एवढं पुरे.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येऊ, क्षण निघून जातो त्याकडे. तुमचे विद्यार्थी हळू नाहीत, ते चुकीच्या वेळी सेटिंग करताहेत. समोर काहीतरी घडायला लागलं की मग ते डायलकडे वळतात. मॅन्युअलवर काम करणारा माणूस सेटिंग करतो तो प्रकाश बदलला तेव्हा: खोलीत शिरल्यावर, गच्चीवर आल्यावर, दिवे लागल्यावर. तळहात धरला, आकडे बसवले, एक फोटो काढून पाहिला आणि डायल विसरला. पुढची दहा-वीस मिनिटं प्रकाश तोच असेल तर त्याच आकड्यांवर कितीही फोटो निघतात, आणि सगळे फोटो उजेडाने एकसारखे येतात. ही सवय लागावी म्हणून त्यांना मुद्दाम एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्या. दारातून आत गेल्यावर फोटो आधी नाही, सेटिंग आधी.

यानंतर तीन सेटिंग्ज एकेक करून घ्यायच्या. बहुतेक जण अ‍ॅपर्चरपासून सुरू करतात, कारण मागचं धूसर करायची हौस सगळ्यांना असते. मी शटरपासून सुरू करते. नवशिक्यांचे वाया जाणारे फोटो सर्वाधिक हलल्यामुळे जातात, आणि हललेला फोटो नंतर दुरुस्त होत नाही. थोडा काळपट आलेला फोटो उजळता येतो.

हललेला फोटो वाचायला शिकवा. पडद्यावर मोठा करून बघायचा आणि स्वतःला विचारायचं, नक्की काय हललंय? फ्रेममधली प्रत्येक गोष्ट, भिंतीवरचं घड्याळसुद्धा, एकाच दिशेने दुहेरी दिसत असेल तर हात हलला. घड्याळाचे आकडे स्वच्छ आहेत पण माणसाचा हात किंवा डोकं पुसलं गेलंय, तर माणूस हलला. चेहरा मऊ आहे पण त्याच्या मागची खुर्ची किंवा पुढचा कप टोकदार आलाय, तर काहीच हललेलं नाही, फोकस चुकलाय. या तिन्ही दोषांना नवशिके एकच नाव देतात, ब्लर, आणि तिघांवर एकच उपाय करतात. उपाय मात्र वेगवेगळे आहेत. हात हलला तर शटर वाढवा, किंवा कोपरं अंगाशी घ्या, भिंतीला टेका. माणूस हलला तर शटर वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचं हलणं सावरतं, समोरच्या माणसाचं नाही. हे वाक्य विद्यार्थ्यांना परत परत ऐकवा, कारण स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर १/१५ ला मुलांचे फोटो काढणारे खूप असतात.

हातासाठीचा नियम सोपा: फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याच्या, व्यस्ताइतका तरी शटर ठेवायचा, आणि सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, असेल तर फोकल लेंग्थ दीडपट धरून. ५० मिमीला १/८०, २०० मिमीला १/३२०. माणसांसाठी माझे आकडे असे: शांत बसलेलं माणूस १/१२५, हातवारे करत बोलणारं किंवा चालणारं १/२५०, धावणारी मुलं १/५००, उडणारे पक्षी १/१००० च्या पुढे. यात दिशेचाही भाग आहे. फ्रेममधून आडवं जाणारं मूल तुमच्याकडे धावत येणाऱ्या मुलापेक्षा जास्त पुसलं जातं, म्हणून आडव्या हालचालीला एक स्टॉप जास्तीचा द्यावा. शांत बसलेल्या माणसाला १/६० पुरतं असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. पुरतं, पण माणसं श्वास घेतात, हसतात, मान वळवतात. उजेड मिळत असेल तर १/१२५ च्या खाली उतरू नये.

घरातल्या दिव्यांखाली एक अडचण हमखास येते आणि ती ठाऊक नसेल तर विद्यार्थी स्वतःला दोष देत बसतो. ज्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथे ट्यूब आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते दिसत नाही. पण शटर १/५०० ठेवला की एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे, असं होतं. अशा दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० वर यावं, म्हणजे दिव्याची पूर्ण चढ-उतार एका फोटोत मावते. जिथे वीज ६० हर्ट्झची असते तिथे १/६० किंवा १/१२५. काही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकरची सोय असते, ती असेल तर चालू करून ठेवावी.

आता अ‍ॅपर्चर. आकडा मोठा आणि छिद्र लहान, हे उलटं का, असं प्रत्येक जण विचारतो. ‘लक्षात ठेवा’ म्हणून सोडून देऊ नका, भागाकार करून दाखवा. एफ म्हणजे फोकल लेंग्थ. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, छिद्र २५ मिमीचं. एफ/८ म्हणजे ५० भागिले ८, सव्वासहा मिमी. एकदा हे पाहिलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

नवशिक्याच्या हातात बहुधा कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १८-५५ ची किट लेन्स असते, आणि तिच्यात एक अडचण लपलेली आहे. ती १८ मिमीला एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच. मॅन्युअलवर एफ/३.५ ठेवून विद्यार्थी झूम करतो, अ‍ॅपर्चर आपोआप एफ/५.६ वर सरकतं आणि फोटो सव्वा-दीड स्टॉपने काळवंडतो. त्याला वाटतं, मी तर काहीच बदललं नाही, मॅन्युअलचा भरवसाच नाही! पहिले काही आठवडे किट लेन्स सरळ एफ/५.६ वर ठेवायला सांगा. झूम कुठेही करा, आकडा हलत नाही, आणि रोजच्या बहुतेक फोटोंना एफ/५.६ चांगलंच काम देतं.

धूसरपणाबद्दल आकड्यांत बोललेलं बरं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स, माणूस दीड मीटरवर, अ‍ॅपर्चर एफ/१.८: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा. चेहरा थोडा तिरका असेल तर जवळचा डोळा टोकदार आणि लांबचा मऊ. एफ/५.६ ला तोच पट्टा साधारण वीस सेंटिमीटर होतो. दोन माणसं थोडी मागेपुढे बसली असतील तर एफ/१.८ ला एक नक्की जाणार. महागडी लेन्स घेतली की मागचं धूसर होतं या समजुतीपायी लोक किट लेन्सला नावं ठेवतात, पण माणसाला भिंतीपासून तीन-चार मीटर पुढे उभं करा, ५५ मिमीवर झूम करा आणि जवळ जा. एफ/५.६ लासुद्धा मागचं छान विरघळतं. अ‍ॅपर्चरइतकंच, कधी त्याहून जास्त काम ही अंतरं करतात, आणि हे शिकवायला डायल लागतच नाही. एकत्र फोटोला एफ/८. एफ/१६ च्या पुढे उगाच जाऊ नये, छिद्र फार लहान झालं की डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

आयएसओ सगळ्यात शेवटी, कारण तो उरलेला हिशेब आहे. शटर हालचालीवरून ठरला, अ‍ॅपर्चर पुढे-मागे किती स्पष्ट हवं यावरून ठरलं, आता उजेड जेवढा कमी पडतोय तेवढा आयएसओ. अडचण अशी की नवशिक्यांना आयएसओची भीती घातलेली असते. ८०० च्या वर गेलात तर फोटो खराब, असं कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि त्यापायी ते १/२० ला हललेले फोटो काढतात. दाणेदारपणा येतो तो मुळात सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओ वाढवल्याने सेन्सर जास्त प्रकाश गोळा करत नाही, मिळालेला संकेत वाढवून दाखवतो. हे पटवायला एक प्रयोग करा: संध्याकाळी घरात एकच दृश्य, शटर आणि अ‍ॅपर्चर तेच, एकदा आयएसओ ३२०० वर नीट उजळ आणि एकदा ४०० वर तीन स्टॉप काळपट. दुसरा फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये तीन स्टॉप उजळा आणि शेजारी ठेवा. काळपट काढून उजळलेला फोटो बहुतेक वेळा ३२०० वाल्याइतकाच दाणेदार निघतो, जेपेग असेल तर त्याहून वाईट. यानंतर आयएसओ वाढवताना हात थरथरत नाहीत. दाणेदार फोटो लोक आनंदाने जपून ठेवतात, हललेला ठेवत नाहीत.

तिघांची ओळख झाल्यावर मगच देवाणघेवाण. इथे तुमचा त्रिकोण उपयोगी पडेल, पण मी आकड्यांऐवजी क्लिक मोजायला लावते. बहुतेक कॅमेऱ्यांवर डायलची एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप, तीन क्लिक म्हणजे एक स्टॉप. शटर तीन क्लिक वेगवान केला? मग आयएसओ तीन क्लिक वर. अ‍ॅपर्चर सहा क्लिक बंद केलं? मग शटर सहा क्लिक हळू, किंवा तीन शटरच्या आणि तीन आयएसओच्या. भागाकार-गुणाकार करावे लागत नाहीत आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून हटत नाही. ज्या कॅमेऱ्याला एकच डायल असतो त्यात अ‍ॅपर्चर बदलायला एक बटण दाबून धरावं लागतं. ते बटण अंधारात, न बघता सापडेपर्यंत सराव करून घ्या. कॅमेरा बंद ठेवून, टीव्ही बघताना नुसती बोटं फिरवली तरी फायदा होतो.

निकाल तपासताना पडद्याच्या उजेडावर विश्वास ठेवू नये. रात्री अंधारात काळपट फोटोही झगमगतो, उन्हात चांगला फोटोही मरगळलेला दिसतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या भागांचा आलेख, चालू करायला सांगा, पण त्याचा आकार डोंगरासारखा मधोमध असावा वगैरे शिकवू नका. बर्फाचा किंवा रात्रीचा फोटो मधोमध असूच शकत नाही. फक्त उजवी कड बघायची: आलेख तिथे भिंतीला चिकटून उभा चढला असेल तर पांढरे भाग जळालेत, त्यातला तपशील गेला. जळालेले भाग पडद्यावर लुकलुकवून दाखवण्याची सोय त्याहून सोपी आहे. दिवा किंवा सूर्य लुकलुकला तर चालतं, कपाळ लुकलुकायला नको. मिररलेस कॅमेरा असेल तर फोटो काढायच्या आधीच एक्स्पोजर व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं आणि शिकणं बरंच सोपं होतं, फक्त ती सोय मेन्यूमध्ये चालू आहे ना, ते बघा. डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये सेटिंग कितीही चुकलं तरी दृश्य छानच दिसतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणं, सुरुवातीचे काही आठवडे ऑटोवर राहू द्या. फोकस एका बिंदूवर, तो बिंदू डोळ्यावर, किंवा डोळा ओळखणारा फोकस असेल तर तोच. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही साठवायला सांगा, पण शिकताना जेपेगच बघायचं, म्हणजे सेटिंगची चूक झाकली जात नाही.

राहिला प्रश्न प्रकाश स्थिर नसलेल्या जागांचा. झाडाखाली ऊनसावलीत पळणारी मुलं, ढगांचा लपंडाव, बाजारातून चालत जाताना क्षणात ऊन क्षणात छप्पर. इथे तीनही आकडे हाताने सांभाळायचा हट्ट धरू नका, अनुभवी माणसंही धरत नाहीत. एम मोडमध्येच आयएसओ ऑटोवर टाका आणि त्याला ६४०० ची वरची मर्यादा घाला. शटर १/१०००, अ‍ॅपर्चर एफ/५.६ आपण ठरवलेलं, उजेडाची चढउतार कॅमेरा सांभाळतो. ऑटोवर परतलेल्या तुमच्या मंडळींना परत आणायला हाच दरवाजा उत्तम आहे, कारण हललेले फोटो पहिल्याच दिवशी कमी होतात. एक मात्र सांगून ठेवा: आयएसओ ऑटोवर गेला की निर्णय पुन्हा मीटरच्या हातात गेला, म्हणजे पांढऱ्या कागदाची आणि काळ्या कापडाची गोष्ट पुन्हा लागू. पुष्कळ कॅमेऱ्यांत अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या आकड्यापेक्षा वर किंवा खाली जाण्याची सोय, चालतं, पांढरं जास्त असेल तर ते एक-दीड स्टॉप वर घ्यायचं.

कोणाकडे फक्त फोन असेल तर त्याच्या प्रो मोडमध्येही यातलं बरंच शिकवता येतं. बहुतेक फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कायमचं एकच असतं, त्यामुळे मागचं धूसर करण्याचा धडा तिथे होत नाही, पण शटर, आयएसओ आणि कागद-कापडाचा प्रयोग अगदी नीट होतो. आणि कॅमेरा असो की फोन, काम संपल्यावर सेटिंग एका ठरलेल्या जागी आणून ठेवायला लावा: एफ/५.६, १/१२५, आयएसओ ऑटो. काल रात्रीचा ३२०० आज सकाळी तसाच राहून जात नाही, आणि घरात किंवा सावलीत अचानक कॅमेरा उचलावा लागला तरी पहिला फोटो वाया जात नाही. भर उन्हात मात्र शटर १/१००० वर न्यायचा, नाहीतर फोटो पांढरेफटक येतील.